ड्युटीच्या सकाळची गोळी

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. फार मोठी नको. दोन पलंग, मधे चालण्यापुरती जागा आणि खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले कपडे, कारण बाहेरची दोरी भरून गेली आहे. एका पलंगावर तुम्ही आहात. वय अकरा, शाळेला सुटी, उठायची अजिबात घाई नाही. दुसऱ्या पलंगाच्या कडेवर तुमची मावशी बसली आहे. कामाला निघाली आहे, पण अजून चपला घातलेल्या नाहीत. हातात गोळ्यांची पट्टी धरून नुसतीच बसली आहे.

पट्टीतून गोळी बाहेर काढताना कसा आवाज होतो, ठाऊक आहे ना? मागचा चंदेरी कागद फाटतो आणि टक् होतं. आता कान देऊन ऐका. मावशीने पट्टी उलटी केली, सुलटी केली, जरा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि परत पर्समध्ये ठेवून दिली. टक् झालंच नाही.

या गोष्टीतल्या मुलीच्या हे लक्षात आलं. तिला घरात खारू म्हणत, कारण तिच्या प्रत्येक पेन्सिलीचं मागचं टोक कुरतडलेलं असायचं. घरात माणसं तीन: खारू, तिची आई आणि आईची मोठी बहीण, म्हणजे मावशी. मावशी बसस्टँडवर तिकीट खिडकीत बसायची. खारूची आई मोठ्या दवाखान्यात नोकरीला होती, पण ती डॉक्टर नव्हती आणि नर्सही नव्हती. तिचं काम काय ते पुढे सांगतो, कारण ते एका दमात सांगण्यासारखं नाही.

मावशीला स्तनाचा कॅन्सर होता. काही वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, सगळ्यांना वाटलं संपलं एकदाचं. मग तो यकृतात सापडला. आजार इतका पुढे गेला की त्याला मुळासकट काढता येत नाही. त्याला थोपवून धरायचं असतं, दाराला पाठ लावून उभं राहावं तसं. मावशीसाठी हे काम एक गोळी करत होती. सकाळी एक, रात्री एक.

त्या दिवशी रात्री तिघी जेवायला बसल्या. आईने दोन घास खाल्ले आणि डोळे मिटून घेतले.

"झोपलीस का?" मावशीने विचारलं.

"नाही गं ताई. डोळ्यांसमोर अक्षरं नाचतायत. एकेका डॉक्टरचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं."

"दुसऱ्यांची दुखणी वाचायचा पगार घेतेस आणि वर दमतेस."

"तू तिकिटं फाडून दमत नाहीस?"

"फाडतंय कोण? ती यंत्रातून येतात. मी फक्त शिव्या खाते."

खारूला हसू आलं. मग तिने आईला विचारलं, "आई, तू म्हणतेस ना, जुने कागद वाचून नवं औषध सुधारतं, ते कसं?"

आईने जे सांगितलं ते आपण सावकाश समजून घेऊ. नवं औषध दुकानात येण्याआधी निवडक रुग्णांना देऊन पाहतात. निवडक म्हणजे कोण, तर ज्यांचं हृदय धड आहे, साखर ताब्यात आहे, वय फार झालेलं नाही. त्यांना ठरल्या दिवशी बोलावतात, फोन करून चौकशी करतात, उरलेल्या गोळ्यासुद्धा परत मागून पाहतात. तुमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार असतात त्या दिवशी वर्ग कसा दिसतो, आठवा. फळा पुसलेला, गणवेश इस्त्रीचे, मागच्या बाकावरचा दंगेखोर पहिल्या बाकावर हाताची घडी घालून. तो वर्ग खोटा नसतो, पण रोजचाही नसतो. रोजचा वर्ग पाहायचा असेल तर न सांगता एखाद्या साध्या मंगळवारी यावं लागतं.

खारूच्या आईचं काम त्या साध्या मंगळवारचं होतं. औषध दुकानात आल्यावर ते ज्या ज्या बायकांना मिळालं, म्हाताऱ्या, साखरेच्या, कामावर जाणाऱ्या, लांबून येणाऱ्या, त्या सगळ्यांचे कागद वाचायचे. गोळी कधी सुरू झाली, किती दिवस चालली, कमी केली का, बंद का केली, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या रकान्यांत भरायचं.

"एकीच्या कागदावरून काही कळत नाही," आई म्हणाली. "हजारोंचे शेजारी शेजारी ठेवले की मग दिसायला लागतं. कुणाला गोळी जास्त चालते, कुणाला झेपत नाही."

"मग काय दिसलं?"

"सध्या दिसतं ते हे. डॉक्टरांनी दर वेळी लिहिलंय, 'तक्रार नाही, तक्रार नाही'. आणि मग एक दिवस बाई गोळी सोडून गायब. का सोडली? 'माहिती नाही'. निम्मे रकाने माहिती नाहीचे. तक्रार नव्हती तर सोडली कशाला, हे कुणी सांगायचं मला?"

"मावशीचे कागद पण तू वाचतेस?"

"छे. नावं आधीच काढून टाकतात, नुसता नंबर राहतो. तरीही घरच्या माणसाची फाइल उघडायची नाही असा नियमच आहे. ताईची कासव भरतो." कासव म्हणजे आईच्या समोर बसणारे एक सद्गृहस्थ. ते एकेक अक्षर शोधून दाबायचे.

मावशीचा चमचा ताटातच थांबला. "कासव वाचतो माझं?"

"नंबर वाचतो, ताई."

"नंबराला पोट असतं का?"

आईला वाटलं, ही नेहमीसारखी थट्टाच. ती हसली आणि भांडी उचलायला उठली. खारू मात्र मावशीकडे बघत राहिली, कारण मावशी हसत नव्हती.

पुढच्या ड्युटीच्या सकाळी खारू जागी होती. मावशीने पट्टी काढली, धरली, परत ठेवली.

"मावशी, गोळी राहिली."

"स्टँडवर जाऊन घेते."

"परवा पण अशीच ठेवून दिलीस. टक् झालंच नाही."

"तू कोण, माझी सुपरवायझर?" मावशी म्हणाली. पण तिचा आवाज भांडायला पुरला नाही. ती पलंगावर बसली. "ही घेतली की तासाभरात पोट बिघडतं. साधं नाही, धावावं लागतं. माझ्या खिडकीपासून संडास कुठे आहे, बघितलायस? पार पलीकडे, गाड्या धुतात तिथे. समोर ही रांग. 'बंद'ची पाटी फिरवली की लोक काच बडवतात. एक दिवस नाही पोचले वेळेत."

खारू उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तुझी परीक्षा चालू होती तेव्हा भर दुपारी कपडे बदलायला घरी आले होते बघ. नळ फुटला, अंगावर पाणी उडालं म्हणाले होते."

"मग डॉक्टरांना सांग ना."

"सांगितलं की गोळी बंद. आधीची तशीच गेली. हातापायांना मुंग्या येतात एवढंच म्हणाले होते, लगेच बदलली. आता ही पण गेली तर पुढे काय उरतं? त्यापेक्षा अंगावर काढलेलं बरं. आणि आत जाते तेव्हा तुझी आई शेजारी बसलेली. मी सांगणार, डॉक्टर लिहिणार, तो कागद खाली तुझ्या आईच्या ऑफिसात जाणार, कासव एकेक अक्षर लावून वाचणार. मग दुपारी डबा खाताना तिच्याकडे बघून म्हणणार, बिचारीची बहीण."

"पण नाव नसतं. आई म्हणाली."

"नाव नसेल. तिकीट खिडकीत बसणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या, कॅन्सर झालेल्या बायका या गावात किती असतील? एवढं न कळायला कासव काही खरंच कासव नाही." तिने चपला घातल्या. "रात्रीची घेतेच आहे की मी. सुटीला दोन्ही घेते. कुणाला बोलू नकोस. शब्द दे."

तुम्ही दिला असता का, याचा विचार तुम्ही करा. खारूने दिला. आणि मावशीच्या पाठोपाठ जिन्यापर्यंत जाऊन ती परत येऊन पडली, पण झोप लागली नाही.

काही आठवड्यांनी मावशीच्या पोटाचा फोटो काढला. त्याचा निकाल सांगायला डॉक्टरांनी बोलावलं. नेमकी त्या दिवशी आईला उसंत नव्हती. सगळ्या दवाखान्यांकडून महिन्याची माहिती एका ठिकाणी पाठवायची होती आणि दवाखान्यातल्या तिच्या खोलीत पंख्याखाली फायलींचे ढीग लागले होते.

"खारे, तू जा मावशीबरोबर आत," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐक आणि मला येऊन सांग. ही स्वतःहून काही सांगायची नाही. विचारलं की 'बरंय' म्हणते आणि वेळ मारून नेते."

"माझ्यासमोर माझीच चहाडी," मावशी म्हणाली.

दोघी वर गेल्या. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाक होते आणि बाकांवर बायकाच बायका. कुणी डोक्याला रुमाल बांधलेली, कुणी भिंतीला डोकं टेकून झोपलेली. दाराशी स्टुलावर एक मामा बसले होते. ते नंबर पुकारायचे आणि मधल्या वेळात गुडघे चोळायचे.

डॉक्टर वयाने लहान होते, पण डोळ्यांखाली काळं होतं. टेबलावरच्या चहावर साय धरली होती. त्यांनी पडद्यावर फोटो उघडला.

"काकू, यकृतातली ही गाठ. मागच्या वेळेपेक्षा थोडी वाढलीय."

"बरं," मावशी म्हणाली.

"गोळी रोज दोन वेळा चालू आहे ना?"

"हो."

"काही त्रास? जुलाब, मळमळ, थकवा?"

"नाही. बरं आहे."

डॉक्टरांची बोटं चालू लागली. खारू खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि तिला ती बोटं दिसत होती. ती थांबावीत असं तिला वाटत होतं.

"म्हणजे गोळीचा असर संपला, असं धरून चालावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आता सलाईनमधून औषध सुरू करू. दर आठवड्याला यावं लागेल. केस जातील. काम करणं कठीण होईल, रजेचं बघून ठेवा. बाहेर बसा थोडं, सगळे कागद तयार करून देतो."

"बरं," मावशी म्हणाली. तेच बरं, त्याच आवाजातलं.

मावशीला बाकावर बसवून खारू आईकडे गेली. ऐकलेलं सगळं सांगायचं कबूल केलं होतं, ते तिने सांगितलं. आईचा हात कीबोर्डवरच राहिला.

"असर संपला? इतक्यात?" तिने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. "किती जणींना किती दिवस चालते ही. रोज वाचतेय मी. ताईच्याच वाट्याला हे यायचं होतं."

समोर कासवकाकांनी मान वर केली, काही न विचारता उठले आणि आईच्या पेल्यात पाणी भरून ठेवलं. मग जाग्यावर बसून पुन्हा अक्षर शोधायला लागले.

खारू म्हणाली, "आई, एखादीने गोळी धड घेतलीच नसेल, तर तुझ्या रकान्यात काय येतं?"

"जे लिहून येतं तेच. गोळी दिली, रोग वाढला. कागदाला काय कळतंय?"

"मग तिची गोळी बंद होते?"

"होते. आणि तिच्यासारख्या खूप झाल्या की वाटायला लागतं, या वयाच्या, कामावर जाणाऱ्या बायकांना ही गोळी फारशी चालतच नाही. मग पुढच्यांना देताना डॉक्टर बिचकतात." आईने तिच्याकडे पाहिलं. "का गं विचारतेस?"

"असंच."

"ताईजवळ जाऊन बस. एकटी नको ठेवूस तिला. एवढं पाठवलं की मी आलेच."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हजार बायकांची दुखणी वाचणारी आई, आणि शेजारच्या खोलीत सकाळी काय होतं ते तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्यात तिचा दोष नव्हता. नियम तिने पाळला होता आणि बहिणीवर विश्वास ठेवला होता.

बाकावर मावशी डोळे मिटून बसली होती. खारू तिला चिकटून बसली.

"मावशी, आत जाऊन सांग ना."

"आता झालं ते झालं."

"गोळी हरलीच असं नाहीये. तू घेतच नव्हतीस."

"हळू बोल."

"सलाईन लागली तर केस जाणार. आणि ही गोळी परत मिळणार नाही. तूच म्हणालीस ना, ही गेली तर पुढे काय उरतं?"

मावशीने डोळे उघडले नाहीत. "खारू, मला कंटाळा आलाय बघ. गोळीचा, पोटाचा, त्या काचेचा. 'बरं आहे' म्हणायचा तर इतका कंटाळा आलाय. सलाईन लागली की खिडकी तरी सुटेल." मग हलकेच, "शब्द दिलायस तू."

शब्द दिला होता, हे खरं. मोठी माणसं तुम्हाला सांगतात, दिलेला शब्द मोडू नये. मीही माझ्या वर्गातल्या मुलांना तेच सांगत आलो. पण शब्द मागणाऱ्याचाच त्यात जीव जात असेल, तेव्हा काय करायचं हे सांगायला आम्ही फार वेळा विसरतो. खारूला कुणीच सांगितलेलं नव्हतं. ती बसून राहिली. एक बाई आत गेली. मामांनी गुडघे चोळले. मग खारू उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"काय गं, कागद यायचेत अजून," मामा म्हणाले.

"मला आत जायचंय."

"तुला? इंजेक्शन हवंय का?"

"एक सांगायचं राहिलंय."

मामांनी बाकावरच्या मावशीकडे पाहिलं, मग खारूच्या तोंडाकडे. पुढचा नंबर पुकारायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आतली बाई बाहेर आली तसं त्यांनी दार धरून ठेवलं.

"देतोय बाळा कागद," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

खारू टेबलाच्या कडेकडे बघून एका दमात बोलली. "मावशी सकाळची गोळी घेत नाही. ड्युटी असली की नाही घेत. रात्रीची घेते आणि सुटीच्या दिवशी दोन्ही घेते."

डॉक्टरांची बोटं थांबली. "कधीपासून?"

"माझी शाळा चालू होती तेव्हापासून."

"का घेत नाहीत?"

का ते खारूला ठाऊक होतं. नळ फुटल्याची गोष्टही ठाऊक होती. ती म्हणाली, "ते ती सांगेल."

डॉक्टर मागे टेकले, त्यांनी डोळे चोळले. रागावलेले दिसले नाहीत. फक्त आणखी दमलेले दिसले. "मामा," त्यांनी हाक मारली, "काकूंना परत आत पाठवा."

मावशी आत आली. खारूकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरली.

"काकू, मी ओरडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण खरं कळलं नाही तर मी अंधारात तीर मारतोय. गोळी हरली, की गोळी पोटात गेलीच नाही, हे मला आत्ता सांगता येत नाही. हरली असेलही, खोटी आशा नाही देत. पण तसं असेल तर ते बघून ठरवू. याच गोळीची कमी ताकदीची गोळी असते. त्रासावर वेगळं औषध असतं. काही जणींनी तोंड उघडून सांगितलं, म्हणून तर कमी ताकदीची किती उपयोगी पडते हे आम्ही बघायला लागलो. ज्या बोलल्या नाहीत, त्यांचं काहीच कळलं नाही. काय होतं गोळी घेतल्यावर?"

मावशी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. "आधी मला सांगा, हे खाली जातं ना? माझ्या बहिणीच्या ऑफिसात?"

"त्रास काय झाला ते जातं. नाव नाही."

"आणि मी काय काम करते ते?"

डॉक्टरांनी पडद्यावर वर खाली पाहिलं. "इथे लिहिलेलं आहे खरं. त्याची गरज नाही." त्यांनी काहीतरी पुसलं. "'कामाच्या वेळी त्रास', एवढंच ठेवतो. स्टँड नाही, खिडकी नाही. चालेल?"

मावशीने मान हलवली. "सकाळी घेतली की," ती म्हणाली आणि थांबली. मग आत आल्यापासून पहिल्यांदा तिने खारूकडे पाहिलं. राग होता त्या नजरेत. पण नुसता राग नव्हता.

खारू टेबलापासून मागे सरली, बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं, पार घट्ट लागेपर्यंत.

"झालं का सांगून?" मामांनी विचारलं.

"तिचं चाललंय," खारू म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावरून आई येताना दिसली, धापा टाकत, पदराने कपाळ पुसत. ती सरळ दाराकडेच निघाली होती. खारू पुढे झाली, तिचा हात धरला आणि तिला बाकावर, आपल्या शेजारी, खाली बसवलं.